काउंट आले, पुढे काय?

वाराणसीत दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे निघाले, अहिल्याबाई घाट मागे टाकला आणि नदीच्या कडेने चालत राहिले, की राजा घाट लागतो. त्याच्या दगडी बांधकामाशी रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांचे नाव जोडलेले आहे. पुण्याच्या राजकारणातून बाजूला झाल्यावर अमृतराव काशीतच राहिले. त्या काळी आपल्या मुलखातून काशीयात्रेला निघालेला माणूस देणीघेणी मिटवून, घरच्यांचा निरोप घेऊन निघायचा. परत येण्याची खात्री नसायची.

गेल्या काही दशकांत त्याच वाटेवरून उलटा प्रवास सुरू झाला. वाराणसी आणि आसपासच्या जिल्ह्यांतली माणसे महानगरी एक्सप्रेसने मुंबईला येतात आणि परळला टाटा हॉस्पिटलच्या दारात उभी राहतात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, नाहीतर फुटपाथ. पुढे टाटा मेमोरियल सेंटरच वाराणसीला गेले. लहरतारा येथील होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटल आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील महामना पंडित मदन मोहन मालवीय कॅन्सर सेंटर, या दोन्हींचे लोकार्पण १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. पण दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण, म्हणजे लोक ज्याला सरसकट ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ किंवा नुसते ‘बीएमटी’ म्हणतात, हा असा उपचार आहे की रुग्णालय जवळ आले म्हणून त्यातला प्रवास संपत नाही. पिशवीतल्या पेशी एका दुपारी शिरेतून चढवल्या जातात. त्यांचे परिणाम पुढची वीस वर्षे पाहावे लागतात.

घरच्यांचा प्रश्न एकच असतो: मॅच झालाय, मग वाचेल ना? डॉक्टर टक्क्यांत उत्तर देतात. हा टक्का कशाचा, कुठल्या रुग्णांचा, कुठल्या देशातला आणि किती वर्षांपर्यंतचा, हे समजून घेतल्याशिवाय तो आकडा ना धीर देतो ना सावध करतो. या विषयातले ज्ञान आज कुठे पोचले आहे आणि कुठे अडले आहे, ते क्रमाने पाहू.

सहा रुग्णांपासून परळपर्यंत

१९५७ साली अमेरिकेत ई. डोनॉल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा शिरेतून दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियात विंचा येथील अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सर्गाची बाधा झालेल्या शास्त्रज्ञांना पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी दात्यांची मज्जा दिली. त्याच १९५८ साली झाँ दोसे यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींवरच्या पहिल्या ओळखखुणेचा शोध लावला. आज ज्याला आपण ‘एचएलए मॅचिंग’ म्हणतो त्याची सुरुवात ती. ही ओळखखूण कळेपर्यंत प्रत्यारोपण म्हणजे अंधारात टाकलेले पाऊल होते आणि त्या काळातले जवळपास सगळे रुग्ण दगावले. अनेक संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला.

१९६८ साली मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्या चमूने जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला भावंडाच्या पेशी दिल्या आणि ते बाळ जगले. थॉमस यांनीही हात टेकले नव्हते. १९७७ साली त्यांनी शंभर रुग्णांचा लेखाजोखा मांडला. सगळे तीव्र ल्युकेमियाचे, इतर सगळे उपाय थकलेले. त्यांतले १३ जण एक ते साडेचार वर्षांनंतरही आजाराशिवाय जिवंत होते. आज शंभरात तेरा हा आकडा वाचून कुणी हळहळेल. पण तेव्हा या शंभरांपुढे दुसरा मार्गच नव्हता, आणि प्रत्यारोपण ही उपचारपद्धती ठरली ती या तेरांमुळे. आजार आटोक्यात असतानाच, म्हणजे पहिल्या रिमिशनमध्ये, प्रत्यारोपण केले तर निम्म्याच्या आसपास रुग्ण वाचतात, हे त्यानंतर दोन वर्षांत दिसले. ‘कधी करायचे’ हा प्रश्न ‘करायचे का’ इतकाच मोठा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा ठसले. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळाले.

आपल्याकडे २० मार्च १९८३ रोजी टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. लहानपणी पोलिओ झाल्याने स्वतः व्हीलचेअरवर असलेले अडवाणी सिॲटलला थॉमस यांच्याकडे हे तंत्र शिकून आले होते. ती मुलगी वाचली. भारतातले ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण मानले जाते. १९८६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने सुरुवात केली, आणि तिथे थॅलेसेमियाचे मोठे काम उभे राहिले. टाटाचे प्रत्यारोपण केंद्र पुढे खारघरला टाटाच्याच ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत हलले. आज बोरिवलीत मुंबई महापालिकेच्या केंद्रातही थॅलेसेमियाच्या मुलांची प्रत्यारोपणे होतात. १९८३ साली ज्याची बातमी झाली ते आता पालिकेच्या रुग्णालयात होते, ही लहान गोष्ट नव्हे.

मॅच म्हणजे काय, आणि नसेल तर

मूल आईकडून एचएलएचा एक संच घेते, वडिलांकडून एक. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचा पूर्ण मॅच होण्याची शक्यता चारात एक. एकच भावंड असेल तर २५ टक्के, दोन असतील तर सुमारे ४४, तीन असतील तर सुमारे ५८. कुटुंबे लहान होत गेली तशी ही शक्यता घटत गेली, हे साधे गणित आहे.

भावंडांत मॅच नसेल तर बाहेरचा दाता शोधायचा. १९७४ साली लंडनमध्ये एका आईने आपल्या आजारी मुलासाठी पहिली दाता-नोंदणी उभी केली. आज जगभरच्या नोंदण्यांत चार कोटींहून अधिक दाते आहेत. पण एचएलए वंशागणिक, समाजागणिक बदलतो, आणि या चार कोटींत भारतीय फार थोडे. आपल्याकडे ‘दात्री’सारख्या संस्था हे काम करतात; तरी सव्वाशे कोटींहून अधिक लोकसंख्येच्या, शेकडो जातीजमातींत आपापसात लग्ने होणाऱ्या देशाला काही लाखांची नोंदणी अपुरीच पडते.

खरा बदल झाला तो तिसऱ्या वाटेने. आई, वडील, मुलगा, मुलगी हे सगळे निम्मे मॅच असतातच. पूर्वी निम्म्या मॅचवर प्रत्यारोपण म्हणजे मृत्यूला आमंत्रण समजले जाई. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टरांनी एक जुने, स्वस्त औषध नव्या वेळी देऊन पाहिले: पेशी चढवल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस. त्या दोन दिवसांत दात्याच्या ज्या लढाऊ पेशी रुग्णाच्या शरीराला परके समजून भराभर वाढू लागलेल्या असतात, नेमक्या त्याच या औषधाला बळी पडतात. मूलपेशींकडे हे औषध निकामी करणारे विकर असते, त्यामुळे त्या तगतात. २००८ च्या सुमारास याचे निष्कर्ष बाहेर आले, आणि ‘डोनर नाही’ हे वाक्य कितीतरी घरांपुरते बदलले. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत भारतीय रुग्णांच्या दृष्टीने या विषयात झालेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, कारण ती महागड्या यंत्रावर किंवा परदेशी नोंदणीवर अवलंबून नाही.

पहिले शंभर दिवस

प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी, कधी किरणोपचाराने रिकामी करतात; हाच पूर्वोपचार. मग येतो ‘डे झिरो’. बघायला आलेल्या नातेवाइकांना बहुधा आश्चर्य वाटते, कारण ऑपरेशन वगैरे काही नसते. रक्ताची पिशवी चढवावी तशी मूलपेशींची पिशवी चढते. त्यानंतर दोन ते चार आठवडे वाट पाहायची. रोज सकाळी सगळ्यांचा एकच प्रश्न: काउंट आले का? न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिले, की पेशी रुजल्या असे धरतात.

या मधल्या काळात तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलल्यासारखे होते. गिळणे अशक्य होते. आतड्यातलेच जंतू रक्तात उतरतात. यकृतातल्या सूक्ष्म शिरा बुजून पोट फुगते, वजन वाढते, कावीळ होते. हा प्रकार तीव्र झाला तर जीव घेणारा. क्वचित पेशी रुजतच नाहीत. काउंट आल्यावर घरच्यांना वाटते सुटलो, आणि ते वाटणे साहजिकच आहे. पण लढाऊ पेशींची फौज पूर्ण उभी राहायला महिने, कधी एक-दोन वर्षे लागतात. त्या काळात शरीरात आधीपासून झोपलेले विषाणू जागे होतात. त्यांतला मुख्य सायटोमेगॅलो. भारतात बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात तो असतोच. लेटरमोविर या औषधाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चोवीस आठवड्यांत हा विषाणू उपचार घ्यावे लागण्याइतका उठण्याचे प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवरून ३८ वर आले. नागीण, मूत्राशयातून रक्त पाडणारा बीके विषाणू, फुप्फुसातली बुरशी, ही यादी पुढेही आहे.

तरीही सुधारणा खरी आहे, मोजलेली आहे. सिॲटलच्या केंद्राने १९९३ ते ९७ आणि २००३ ते ०७ या काळातले आपलेच रुग्ण ताडून पाहिले. आजार न उलटता पहिल्या दोनशे दिवसांत मृत्यू येण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी, आणि एकूण मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी उतरलेला होता. कुठल्याही एका चमत्काराने हे झाले नाही. सौम्य पूर्वोपचार, विषाणूची दर आठवड्याला तपासणी, बुरशीवरची बरी औषधे, मॅचिंगची बारकाई, यकृत सांभाळण्याची समज: अशा दहा गोष्टी थोड्या थोड्या सुधारल्या.

दात्याच्या पेशी, रुग्णाचा देह

मूत्रपिंड बसवले तर रुग्णाचे शरीर त्याला नाकारू शकते. इथे उलटे होते. नवी प्रतिकारशक्तीच दात्याची असते, आणि ती रुग्णाच्या देहाला नाकारू शकते. याला म्हणतात ‘जीव्हीएचडी’, दात्याच्या पेशींचा यजमान देहावरचा हल्ला. तीव्र प्रकारात तो त्वचेवर, आतड्यावर आणि यकृतावर होतो. तळहात-तळपाय लाल होणे ही सौम्य खूण. दिवसाला लिटरभराहून जास्त जुलाब ही भीतीदायक खूण. पहिले औषध स्टेरॉइड. ज्यांना त्याचा गुण येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न वर्षानुवर्षे अनुत्तरित होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ३०९ रुग्णांच्या चाचणीत रुक्सोलिटिनिबने अठ्ठाविसाव्या दिवशी ६२ टक्के रुग्णांना गुण आला; इतर उपलब्ध उपचारांनी ३९ टक्क्यांना. हा मोठा दिलासा होता, पण उरलेल्या ३८ टक्क्यांसाठी अजून भरवशाचे काही नाही.

दीर्घकालीन जीव्हीएचडी हा वेगळाच आजार म्हणावा इतका निराळा आहे. पूर्वी शंभरावा दिवस ही सीमा धरत: आधी झाला तर तीव्र, नंतर झाला तर दीर्घकालीन. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी ही रेघ पुसली आणि लक्षणांवरून निदान करायला सांगितले. डोळे कोरडे, इतके की वाऱ्यात उघडत नाहीत. तोंडाची आतली त्वचा हुळहुळी. जन्मभर ठेचा खाल्लेल्या माणसाला फोडणीतली मिरची सोसत नाही. त्वचा ताठरते, सांधे आखडतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे फुप्फुसातल्या बारीक नळ्या हळूहळू बुजत जातात. ही धाप सुरुवातीला कळत नाही. ती पकडायला दर काही महिन्यांनी श्वासाची तपासणी लागते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ३२९ रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या दीर्घकालीन आजारात रुक्सोलिटिनिबने निम्म्या रुग्णांना गुण आला. इतर उपचार मिळालेल्या गटात चौथाई रुग्णांना.

मग हा हल्ला मुळातच थांबवावा, असे कुणालाही वाटेल. इथेच या विषयाचा गाभा आहे. १९७९ साली सिॲटलच्या डॉक्टरांना दिसले, की ज्या ल्युकेमियाग्रस्तांना जीव्हीएचडी होतो त्यांचा आजार कमी वेळा उलटतो. १९९० साली दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने ते पक्के केले. एकसारख्या जुळ्या भावंडाकडून पेशी घेतल्या तर हल्ला होत नाही, पण ल्युकेमिया जास्त वेळा परत येतो. दात्याच्या पेशींतून हल्लेखोर पेशी आधीच गाळून टाकल्या, तरी तेच. म्हणजे रुग्णाच्या त्वचेला परके मानणारी नजरच लपलेल्या कर्करोगालाही परके मानत असते. आजार उलटल्यावर दात्याच्या लढाऊ पेशी पुन्हा देऊन काही रुग्ण बरे करता येतात, यावरूनही हेच दिसते.

थॅलेसेमिया किंवा ॲप्लास्टिक ॲनिमियात मात्र मारायला कर्करोगच नसतो. तिथे हा हल्ला म्हणजे निव्वळ नुकसान. त्यामुळे एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचाराचे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि शेजारच्या घरातल्या थॅलेसेमियाच्या मुलीचे जे झाले त्यावरून आपल्या ल्युकेमियाच्या मुलाचा अंदाज बांधता येत नाही.

मतभेद कुठे आहेत

पहिला मतभेद पूर्वोपचार किती कडक असावा याबद्दल आहे. कडक औषधे दिली तर आजार जास्त मरतो, पण रुग्णालाही जास्त झळ लागते. अमेरिकेत २७२ रुग्णांवर याची थेट तुलना झाली. सौम्य गटात उपचारामुळे मृत्यू आलेले सुमारे ४ टक्के, कडक गटात सुमारे १६. पण अठरा महिन्यांत आजार उलटला तो सौम्य गटात ४८ टक्के रुग्णांचा आणि कडक गटात साडेतेरा. रुग्ण नोंदवणे मध्येच थांबवावे लागले इतका तो फरक होता. तरुण, धडधाकट रुग्णाला कडक उपचार, हे त्यातून निघते. पण पंचावन्न-साठीचा, मधुमेह असलेला रुग्ण समोर असतो तेव्हा ही चाचणी बोट दाखवत नाही, आणि तिथे अनुभवी डॉक्टरांतही एकमत नाही.

दुसरा मतभेद पेशी कुठून घ्याव्यात याबद्दल. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवता येतात आणि यंत्राने वेगळ्या करता येतात. कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढण्यापेक्षा हे सोपे, आणि काउंटही लवकर येतात. जगभर ही पद्धत रुळली. मग २०१२ साली ५५१ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. नात्यात नसलेल्या दात्याच्या रक्तातून पेशी घेतल्यास दीर्घकालीन जीव्हीएचडी ५३ टक्के, मज्जेतून घेतल्यास ४१; दोन वर्षांचे जगणे दोन्हींकडे जवळपास सारखे. एवढे स्पष्ट उत्तर मिळूनही बहुतेक केंद्रे रक्तातूनच पेशी घेत राहिली. त्यांचे म्हणणेही सहज टाकण्यासारखे नाही: लवकर आलेले काउंट म्हणजे संसर्गाचे दिवस कमी, आणि जिथे जंतू औषधांना जुमानत नाहीत तिथे आठवडाभराचा फरकही जीव वाचवतो. विरुद्ध बाजू म्हणते, की हा आठवडा आपण पुढच्या दहा वर्षांच्या दुखण्यातून उसना घेतो आहोत. थॅलेसेमियात मज्जेकडे कल आहे, ल्युकेमियात रक्ताकडे.

तिसरा, आज सर्वांत ताजा. निम्म्या मॅचसाठी शोधलेली ती सायक्लोफॉस्फमाइडची युक्ती पूर्ण मॅच असतानाही वापरावी का? २०२३ साली ४३१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीने हो म्हटले. एका वर्षानंतर आजार न उलटता आणि गंभीर जीव्हीएचडी न होता जगलेले नव्या पद्धतीत सुमारे ५३ टक्के, जुन्या पद्धतीत ३५. मात्र नुसते जगणे मोजले तर दोन गटांत ठळक फरक नव्हता. ही चाचणी मुख्यतः सौम्य पूर्वोपचाराची आणि रक्तातून घेतलेल्या पेशींची होती. मज्जेतून घेतलेल्या पेशींना किंवा लहान मुलांना ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही. या पद्धतीत काउंट थोडे उशिरा येतात आणि काही संसर्ग वाढतात. आपल्या वॉर्डांत हा सौदा कितपत परवडतो, हे आपल्याच आकड्यांनी ठरायला हवे.

प्रत्यारोपण मुळात करावेच का, हा प्रश्नही दर काही वर्षांनी नव्याने मांडावा लागतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे एके काळी प्रत्यारोपणाचे मुख्य कारण होते. २००१ साली इमॅटिनिबची गोळी आली आणि त्या आजाराचे बहुतेक रुग्ण प्रत्यारोपणाच्या खोल्यांतून बाहेर पडले ते कायमचे. थॅलेसेमियात आता जनुक-उपचार उभा आहे. पण परदेशात त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे, त्यामुळे आपल्याकडे भावंडाचा मॅच हाच आजही व्यवहार्य मार्ग. कोल इंडियाच्या योजनेतून अशा मुलांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते, आणि तिने अनेक घरांचा निर्णय शक्य केला आहे.

आकडा कसा वाचावा

‘यश’ मोजायचे कशात? जिवंत असणे हे एक माप. आजाराशिवाय जिवंत असणे हे दुसरे. २०१५ साली मिनेसोटाच्या डॉक्टरांनी तिसरे माप मांडले: आजार उलटला नाही, गंभीर तीव्र जीव्हीएचडी झाला नाही, औषध घ्यावे लागेल असा दीर्घकालीनही झाला नाही, आणि माणूस जिवंत आहे. त्यांच्या ९०७ रुग्णांत एका वर्षाला असे ३१ टक्के निघाले. कुठल्याही माहितीपत्रकातला आकडा वाचताना तो या तिन्हींपैकी कोणता, हे आधी विचारावे.

वय, आजाराची अवस्था, निदानापासून गेलेला काळ, दात्याचे नाते, स्त्री दात्याकडून पुरुष रुग्णाला पेशी मिळाल्या का: एवढ्या पाच गोष्टींवरून युरोपात १९९८ साली धोक्याचे एक साधे गुणपत्रक बनले. २००५ साली सिॲटलहून रुग्णाच्या इतर आजारांचे गुणपत्रक आले. समूहाबद्दल ती चांगली बोलतात, एका माणसाबद्दल कमी. थॅलेसेमियात इटलीच्या ग्वीदो लुकारेल्ली यांनी यकृताची वाढ, यकृतातला व्रण आणि लोह उतरवण्याच्या उपचारातली नियमितता यांवरून तीन वर्ग पाडले. तिसऱ्या वर्गातल्या मुलांचे निकाल सर्वांत वाईट. आपल्याकडे मुले उशिरा येतात, लोह साठलेले असते, त्यामुळे हा वर्ग मोठा. वेल्लोरला या मुलांसाठी ट्रिओसल्फान या कमी विषारी औषधावर आधारलेल्या पूर्वोपचाराने निकाल बरेच सुधारले.

दोन वर्षे आजाराशिवाय पार केलेल्यांची स्थिती आश्वासक आहे. अशा दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दहा वर्षे जगण्याची शक्यता ८५ टक्के निघाली. पण त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतर माणसांपेक्षा चढाच राहतो. मोतीबिंदू, थायरॉइड मंदावणे, स्टेरॉइडने खुब्याचे हाड झिजणे, हृदयविकार, दुसरा कर्करोग. मूल होण्याची क्षमता बहुधा जाते, आणि त्याबद्दल प्रत्यारोपणाआधी बोलणे आपल्या घरांत अवघड वाटते म्हणून ते राहून जाते. ते राहू नये असे मला मनापासून वाटते. वीर्य साठवून ठेवणे ही काही फार अवघड गोष्ट नाही, पण ती केमोच्या आधीच करावी लागते. लहानपणी घेतलेल्या लसींचे संरक्षणही ओसरते. चाळिशीच्या माणसाला बाळाच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

आपल्याकडचे वेगळेपण

वरचे बहुतेक आकडे अमेरिका-युरोपातले आहेत. आपल्याकडे तीन गोष्टी वेगळ्या. पहिली म्हणजे जंतू. कार्बापेनेमसारख्या शेवटच्या फळीतल्या प्रतिजैविकांना दाद न देणारे क्लेबसिएलासारखे जंतू रुग्ण घरून येतानाच आतड्यात घेऊन येतो. काउंट शून्यावर असताना ते रक्तात उतरले तर चोवीस तासही हातात नसतात. क्षयही आपल्याकडे विसरून चालत नाही. महिनाभराच्या तापामागे तो निघू शकतो.

दुसरी गोष्ट पाण्याची आणि स्वयंपाकघराची. वर्षानुवर्षे अशा रुग्णांना कच्चे काही खाऊ देत नसत. इटलीत २२२ रुग्णांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे कडक पथ्य पाळणाऱ्यांत आणि न पाळणाऱ्यांत संसर्गाचा फरक दिसला नाही. युरोपात त्यामुळे पथ्ये सैल होत आहेत. पण त्या चाचणीतल्या रुग्णांच्या नळाचे पाणी पिण्याजोगे होते. वाराणसीच्या आईला मुलाच्या ओठांना गंगाजल लावायचे असते, आणि त्या इच्छेचा अवमान न करता तिला ‘आत्ता नको, आई’ असे समजावणारी नर्स या उपचाराचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, सोललेले फळ, यावर मतभेद नाहीत. त्यापलीकडे किती सोडावे, हे इथल्या घरांत, इथल्या पाण्यावर चाचणी होईपर्यंत अंदाजानेच ठरणार.

तिसरी गोष्ट अंतराची. शंभर दिवसांनंतर रुग्ण गावी जातो. त्याला जीव्हीएचडी दाबून ठेवणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी मोजायची असते. तालुक्याला ती होत नाही. त्याला रक्त द्यावे लागले तर ते किरणोत्सर्ग देऊन निर्धोक केलेले हवे, नाहीतर त्या रक्तातल्या परक्या लढाऊ पेशीच घात करतात. जिल्ह्याच्या अनेक रक्तपेढ्यांत तशी सोय नसते. अंगावर पुरळ उठले तर जवळचा डॉक्टर ॲलर्जीचे मलम देतो आणि दोन आठवडे जातात. लहरतारा आणि बनारस हिंदू विद्यापीठ इथल्या रुग्णालयांचे मोल मला प्रत्यारोपणाइतकेच, किंबहुना अधिक, या नंतरच्या वर्षांसाठी वाटते. परळला किंवा खारघरला प्रत्यारोपण झालेल्या माणसाला पुरळ दाखवायला दीड हजार किलोमीटर जावे लागू नये.

न सुटलेले

भारतातल्या केंद्रांची मिळून एक प्रत्यारोपण-नोंदणी आहे, आणि तिच्यातून आपले स्वतःचे आकडे हळूहळू बाहेर येत आहेत. निम्म्या मॅचची आपल्याकडची दहा वर्षांची कहाणी, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंपायी गमावलेले रुग्ण, दीर्घकालीन जीव्हीएचडी घेऊन शेतीवर परत गेलेली माणसे, दाता झालेल्या बहिणींचे पुढे काय झाले: हे सगळे तिथूनच कळू शकते. अडचण तिथेही आहे. जगण्याचा आलेख काढण्याची पद्धत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली दिली. जो रुग्ण तपासणीला यायचा थांबतो, त्याला ती शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत धरते आणि तिथून हिशेबाबाहेर काढते. त्यामागे एक गृहीतक असते, की न आलेले रुग्ण आलेल्यांसारखेच असतील. सिॲटलमध्ये ते बऱ्याच अंशी खरे असेल. आपल्याकडे तपासणीला न येणारा माणूस बरा झाला म्हणून आला नाही, की रेल्वेचे भाडे नव्हते म्हणून, की तो उरलाच नाही म्हणून, हे आलेखाला कळत नाही. काही केंद्रांत समाजसेवक अशा घरांना फोन करतात. फोन लागला तर दोन वाक्यांची नोंद होते. नंबर बदललेला असेल तर त्या ओळीत शेवटच्या भेटीची तारीख तेवढी राहते.